डोकं नक्की कशाने शिणतं?

सदाशिव पेठेत नवीन आला आहेस म्हणून सांगतो. दिवसभर अभ्यासिकेत बसून डोकं जड होतं, त्याचा दोष दरवेळी एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेच्या अभ्यासक्रमाला देऊ नकोस. आधी टेलिग्रामचे ग्रुप बघ. 'कटऑफ किती लागेल?', 'परीक्षा पुढे जाणार का?' यातलं काहीच तुझ्या हातात नाही, पण समोर राज्यघटनेचं कलम 32 उघडं आणि मन तिकडे. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये हेच दाखवलं: एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की थोडं लक्ष मागेच रेंगाळतं. आयोगाचं संकेतस्थळ रात्री जेवणानंतर एकदा बघ, पुरे.

मग बारीकसारीक उधारी. मेसचे पैसे थकलेत, रूममेटकडून हजार यायचेत, घरी फोन राहिलाय. वहीच्या मागच्या पानावर लिहून काढ आणि पैसे सरळ मागून टाक. संकोचात आठवडा जातो. टपरीवरचा चहा मात्र सोडू नकोस, माणूस लागतोच. फक्त अभ्यासाचं 'तुझं किती झालं?' विचारणारा आला की ऊठ.

पहाटे अभ्यासिकेत जागा धरायला झोप मोडू नकोस. नाहीतर सीसॅटचे, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या आकलनाच्या पेपरचे, उतारे तीनतीनदा वाचावे लागतात. खिडकीजवळची खुर्ची गेली तर जाऊ दे.