बारावीनंतर कंडक्टिंग: नाशिकहून वाट कशी आहे

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी बारावीत आहे, पियानोच्या आठ ग्रेड झाल्यात, आता ऑर्केस्ट्रा-ऑपेराची कंडक्टर व्हायचं म्हणते. नाशिकमध्ये राहून काय करता येईल आणि पुढे पोट भरेल का. मी काही वर्षं परदेशात गायकांना पियानोची साथ करून पोट भरलं, म्हणून ऑपेराच्या अंगानं सांगतो.

हातात बॅटन, म्हणजे कंडक्टरची छडी, फार उशिरा येतं. जर्मनीत जुनी शिडी अशी: आधी ऑपेरा हाउसमध्ये कोरेपेटिटोर (गायकांच्या तालमींचा पियानोवादक) म्हणून लागायचं, मग कापेलमाइस्टर (तिथला नेमलेला कंडक्टर), आणि कुवत-नशीब दोन्ही जुळलं तर सगळ्या संगीत विभागाचा प्रमुख. जर्मन कंडक्टर क्रिस्टियान टीलेमान याच शिडीनं वर गेले. कंडक्टर आंतोनिओ पापानोंनीही सुरुवात गायकांच्या तालमींना पियानो वाजवूनच केली. पुढे २००२ ते २०२४ ते लंडनच्या रॉयल ऑपेराचे संगीत दिग्दर्शक होते.

कोरेपेटिटोरचं काम बघायला सोपं वाटतं. तालमीच्या खोलीत ऑर्केस्ट्रा नसतो, सगळा भार त्या एका पियानोवर. डोळे कंडक्टरकडे, हात पट्ट्यांवर, जो गायक आला नाही त्याची ओळ आपणच गायची आणि समोरची सोप्रानो (उंच आवाजाची गायिका) इटालियन शब्द विसरली तर हात न थांबवता तो पुरवायचा. नोकरीच्या चाचणीत ‘कार्मेन’ या ऑपेरातलं क्विंटेट (पाच गायकांचं गाणं) बऱ्याच ठिकाणी मागतात, तेही वाजवता वाजवता गाऊन. आवाज भसाडा असला तरी चालतो, लय सुटलेली चालत नाही.

कंडक्टर झुबिन मेहतांचं उदाहरण सगळेच देतात. १९५४ ला व्हिएन्नाला गेले, हान्स श्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकले, १९५८ ला लिव्हरपूलची कंडक्टिंग स्पर्धा जिंकले. सगळं खरं, पण वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. मुंबईतल्या त्या घरात जे आपसूक कानावर पडलं, ते तुमच्या लेकीला मुद्दाम मिळवावं लागेल.

त्यासाठी रोज अर्धा तास स्कोअर वाचन, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेलं स्वरलेखन वाचणं. संगीतकार हायडनच्या एखाद्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या (चार तंतुवाद्यांच्या रचनेच्या) चारही ओळी पियानोवर वाजवायला सांगा. व्हायोलाची ओळ आल्टो क्लेफमध्ये (पियानोच्या स्वरलेखनापेक्षा वेगळ्या खुणेत) असते, पहिले काही दिवस तिथेच घोडं अडतं. मग बी-फ्लॅट क्लॅरिनेट, जे लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतं, आणि एफ हॉर्न, जो पंचमाच्या अंतरानं खाली उतरतो. शहरातल्या एखाद्या चर्चच्या गायकवृंदात शिरकाव करून घ्या. नाताळच्या तयारीत माणसं कमी पडतातच, तेव्हा चार ओळी बसवायला मिळतात.

आणि मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकवा. २००६ पासून आहे, हंगामात बाहेरचे कंडक्टरही येतात. जाताना पंचवटी एक्स्प्रेस आहेच. कार्यक्रम रात्री संपतो, मुक्कामाची सोय बघून ठेवा. जमलं तर कंडक्टरचे हात नीट दिसतील अशी जागा घ्या.

पैशांचं म्हणाल तर जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातल्या सरकारी संगीत विद्यापीठांत युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. खरा खर्च राहण्या-जेवणाचा. साथ करता येणाऱ्याला मात्र बॅलेचे वर्ग, गायकांच्या शिकवण्या अशी कामं मिळत राहतात. निव्वळ कंडक्टिंग शिकलेल्याचं तसं नसतं.

जर्मनचा क्लास लावण्याआधी एक करा. लेकीला गाणाऱ्या एखाद्या मैत्रिणीची महिनाभर साथ करायला बसवा. दुसरीच्या श्वासासाठी थांबायचा तिला कंटाळा आला, तर सोलो पियानोची तयारी वेगळी असते, ती पुढे बोलू.