वाचकांचे प्रश्न: निरोगी गालातल्या रक्तवाहिन्या मोजताना

प्रश्न: प्रबंधासाठी गालाच्या निरोगी अस्तरातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची घनता मोजते आहे. स्टेन सीडी३४ चा (वाहिन्यांच्या आतल्या अस्तरपेशी रंगवणारा). त्याच स्लाइडवर ४०× ऑब्जेक्टिव्हखाली माझी सरासरी फील्डमागे १२ येते, मार्गदर्शक मॅडमची १८. चुकतंय कुणाचं?
– एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर: कदाचित कुणाचंच नाही. दोन्ही मायक्रोस्कोपच्या आयपीसवर कोरलेला आकडा आधी पाहा. तुमचा १०×/१८ असेल (१८ हा फील्ड नंबर, मिमीत) तर फील्डचा, म्हणजे दिसणाऱ्या वर्तुळाचा, व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिमी, आणि क्षेत्रफळ ०.१५९ चौ. मिमी. मॅडमचा १०×/२२ असेल तर क्षेत्रफळ ०.२३८. आता १२ ला ०.१५९ ने आणि १८ ला ०.२३८ ने भागा. दोन्हीकडे चौ. मिमीला सुमारे ७५ येतात! स्टेज मायक्रोमीटरने (मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडने) व्यास एकदा पडताळून घ्या आणि प्रबंधात नुसतं ‘प्रति फील्ड’ लिहू नका.

आयपीस सारखेच निघाले तर मोजणीचे नियम तपासा. वाइडनर यांच्या १९९१ च्या पद्धतीत शेजारच्या वाहिनीपासून स्पष्ट सुटी दिसणारी एकच तपकिरी (म्हणजे स्टेन लागलेली) पेशीही एक वाहिनी धरतात, पोकळी दिसलीच पाहिजे असं नाही. निरोगी अस्तरात हाच नियम गोत्यात आणतो, कारण सीडी३४ ने संयोजी ऊतीतल्या लांबट फायब्रोब्लास्टसारख्या पेशीही रंगतात. शंका आली की लगतचा काप सीडी३१ ने (वाहिन्यांच्या अस्तरपेशींच्याच दुसऱ्या स्टेनने) रंगवून ताडून पाहा. अर्थात सीडी३१ काही मॅक्रोफेजनाही रंगवतो. जाड स्नायुथर असलेल्या वाहिन्या दोघींनीही सोडायच्या.

‘हॉट स्पॉट’ची, म्हणजे वाहिन्या सर्वांत दाट दिसतात तिथेच मोजण्याची, पद्धत स्तनाच्या कर्करोगासाठी आली. निरोगी ऊतीत ती वापरली तर सर्वांत दाट कोपराच तेवढा हाती लागतो. त्यापेक्षा एपिथेलियमच्या (वरच्या पेशीथराच्या) कडेने सरकत दर तिसरं फील्ड घ्या, आणि पॅपिलरी (एपिथेलियममध्ये बोटांसारखा शिरणारा वरचा) व खोल थराचे आकडे वेगळे ठेवा. काप तिरपा गेला असेल तर पॅपिलातला केशवाहिनीचा एकच वळसा दोन-तीनदा मोजला जातो. असा ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) पुन्हा सरळ बसवून ४ मायक्रॉनचा काप घ्या.

नमुना खरोखर निरोगी आहे ना, हेही बघा. ‘तंबाखू खाता का?’ याला ‘नाही’ म्हणणारी बाई रोज मिश्री लावत असू शकते. मिश्री, सुपारी, गुटखा, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा. ॲड्रिनॅलिन असलेली भूल बायोप्सीच्या जागीच टोचू नका. त्याने वाहिन्या आकसतात आणि द्रवाने ऊती फुगते.

प्रश्न: निरोगी हिरडीत सीडी१०५ जवळपास रंगलाच नाही. अँटिबॉडी वाया गेली का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: सीडी१०५ मुख्यतः नव्याने वाढणाऱ्या वाहिन्यांत ठळक दिसतो, त्यामुळे शांत ऊतीत तो फिका असणं स्वाभाविक आहे. त्याच बॅचमध्ये प्लासेंटाची (वारेची) स्लाइड लावा. ती नीट रंगली तर अँटिबॉडी चांगली आहे. तीही फिकी राहिली तर अँटिजेन रिट्रीव्हल (अँटिबॉडी चिकटावी म्हणून कापावर आधी केलेली प्रक्रिया) आणि अँटिबॉडीचं डायल्यूशन तपासा. डीएबीची (तपकिरी रंग देणाऱ्या रसायनाची) वेळ घड्याळ लावून सर्व स्लाइडना सारखीच द्या. मे महिन्यात खोली तापलेली असली की रंग लवकर चढतो, म्हणून तुलनेच्या सगळ्या स्लाइड एकाच दिवशी रंगवा.