सायप्रसची ‘फाळणी’ म्हणावे की ‘विभागणी’?

युरोपीय संसदेने सायप्रसविषयी केलेल्या ठरावांबद्दल मराठीत लिहिताना ‘फाळणी’, ‘विभाजन’ आणि ‘विभागणी’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, ते योग्य आहे का, आणि त्या बेटाच्या उत्तरेकडील भागाला ‘उत्तर सायप्रस’, ‘तुर्की सायप्रस’ की ‘तुर्कव्याप्त सायप्रस’ म्हणावे, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते सायप्रस आज विभागलेला आहे, पण त्याची फाळणी झालेली नाही. हा भेद त्या बेटावरील वादाचाच गाभा असल्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याने तो पाळलाच पाहिजे.

‘फाळणी’ हा आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारातला शब्द आहे. भूमी अभिलेख कार्यालयात फाळणी नकाशा मागितला, तर सर्व्हे नंबरचे पोटहिस्से मोजून आणि त्यांच्या हद्दी आखून तयार केलेला नकाशा हाती येतो. म्हणजे फाळणीत मोजणी असते, हद्द असते, कागद असतो आणि त्या कागदावर सही करण्याचा अधिकार असलेला कोणीतरी असतो. दोन भावांनी भांडून मधोमध काट्या टाकल्या आणि आपापल्या बाजूला नांगर धरला, तर त्यांची वहिवाट वेगळी झाली असे गाव म्हणते. जमिनीची फाळणी झाली असे म्हणत नाही. राजकीय अर्थानेही हा शब्द याच वळणाने रुजला आहे. १९४७ ची फाळणी ब्रिटिश संसदेने संमत केलेल्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने झाली आणि तिच्यातून निघालेली दोन्ही राज्ये जगाने मान्य केली. १९०५ ची बंगालची फाळणी, जिला त्या काळी ‘वंगभंग’ असा अधिक बोचरा शब्द रूढ झाला, तीही सरकारी हुकमाने झाली होती आणि १९११ मध्ये राजघोषणेने रद्द झाली. ती अन्यायाची होती हे खरेच, पण राज्यकर्त्या सत्तेने अधिकृतपणे केलेली कृती होती, हेही तितकेच खरे.

सायप्रसमध्ये फाळणी हे मुळात एका मागणीचे नाव आहे. १९५० च्या दशकात, बेट ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, ग्रीक सायप्रसवासीयांची घोषणा होती ‘एनोसिस’, म्हणजे ग्रीसमध्ये विलीन होणे. तिला तुर्क सायप्रसवासीयांनी दिलेले उत्तर होते ‘तक्सिम’, म्हणजे बेटाची वाटणी. हा दुसरा शब्द मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. अरबीतून तुर्कीत गेलेला तोच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि वतनांच्या कागदपत्रांत ‘तक्षीम’ म्हणजे वाटा व ‘तक्षीमदार’ म्हणजे वाटेकरी असा स्थिरावला. इस्तंबूलच्या प्रसिद्ध तक्सिम चौकाचे नावही शहराचे पाणी तेथून वाटले जाई म्हणून पडले, आणि ‘किस्मत’ हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. पुढे १९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला तेव्हा त्याने ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान या तीन देशांशी केलेल्या हमीच्या करारात दुसऱ्या देशाशी विलीनीकरण आणि बेटाची फाळणी या दोन्ही गोष्टींना स्पष्ट मनाई करण्यात आली. ज्या देशाच्या जन्माच्या करारातच फाळणी निषिद्ध ठरवलेली आहे, त्याच्याबद्दल ‘फाळणीनंतर’ असे सहज लिहून टाकणे म्हणजे तो करार संपला असे परस्पर जाहीर करण्यासारखे आहे.

प्रत्यक्षात जे घडले ते थोडक्यात असे. डिसेंबर १९६३ मध्ये दोन समाजांत हिंसाचार उसळला, तेव्हा एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने राजधानी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने युद्धबंदीची रेघ ओढली. तिलाच पुढे ‘हिरवी रेषा’ म्हणू लागले. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे नेतृत्व करणारे जनरल थिमय्या १९६५ मध्ये सायप्रसमध्येच मरण पावले, आणि १९७४ च्या युद्धाच्या वेळी तिचे सेनापती प्रेमचंद हेही भारतीयच होते. १५ जुलै १९७४ रोजी ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठबळाने सायप्रसमध्ये बंड झाले, २० जुलैला तुर्कस्तानचे सैन्य बेटावर उतरले आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्या सैन्याच्या ताब्यात गेला. १९८३ मध्ये तेथे वेगळ्या प्रजासत्ताकाची घोषणा झाली, परंतु सुरक्षा परिषदेने ५४१ क्रमांकाच्या ठरावाने ती कायद्याच्या दृष्टीने अवैध ठरवली आणि तुर्कस्तानखेरीज कोणत्याही देशाने त्या राज्याला मान्यता दिलेली नाही. इकडे सायप्रसच्या प्रतिनिधिगृहात आज कागदोपत्री ८० जागा आहेत. त्यांपैकी २४ तुर्क सायप्रसवासीयांच्या आहेत आणि १९६० च्या दशकापासून त्या समाजाचे प्रतिनिधी तेथे बसत नसल्यामुळे ५६ सदस्यांवरच सभागृह चालते. या २४ जागा रिक्त आहेत, रद्द नाहीत, आणि ‘विभागलेला’ व ‘फाळणी झालेला’ यांतील अंतर मला येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

आता युरोपीय संसदेकडे येऊ. १ मे २००४ रोजी सायप्रस युरोपीय संघात आला तो संपूर्ण बेट म्हणून, पण प्रवेश कराराच्या दहाव्या उपपत्राने (प्रोटोकॉलने) अशी तजवीज केली की, सायप्रसच्या सरकारचे प्रत्यक्ष नियंत्रण ज्या भागांवर नाही तेथे संघाच्या कायद्यांची अंमलबजावणी स्थगित राहील. त्याआधी आठवडाभर, २४ एप्रिलला, संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या एकीकरण योजनेवर दोन्ही बाजूंनी सार्वमत झाले होते. सुमारे ६५ टक्के तुर्क सायप्रसवासीयांनी होकार आणि सुमारे ७६ टक्के ग्रीक सायप्रसवासीयांनी नकार दिला होता. होकार देणारा समाज संघाच्या कायद्याबाहेर राहिला आणि नकार देणारा आत गेला, याची खंत दोन्ही बाजूंच्या एकीकरणवाद्यांना आजही आहे. तुर्क सायप्रस समाजाशी संबंध ठेवण्यासाठी युरोपीय संसदेने जो उच्चस्तरीय संपर्क गट नेमला, त्याचे अधिकृत नाव लक्ष देऊन वाचण्यासारखे आहे: ‘बेटाच्या उत्तर भागातील तुर्क सायप्रस समाजाशी संबंधांसाठीचा गट’. या नावात ना देश आहे, ना सरकार, ना सीमा. फक्त एक समाज आणि बेटाचा एक भाग आहे.

शब्दनिवडीचा हा काटेकोरपणा किती दूर जातो हे व्यापाराच्या प्रकरणात दिसले. उत्तर भागातील मालाला संघाच्या बाजारात थेट येऊ द्यावे असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, २००४ मध्येच मांडला होता. संघाच्या कारभाराची चौकट बदलणाऱ्या लिस्बन करारानंतर व्यापारविषयक कायद्यांत संसदेलाही समान अधिकार मिळाला आणि प्रस्ताव तिच्यासमोर आला, तेव्हा प्रश्न उभा राहिला तो कलमाचा. आयोगाने आधार घेतला होता तो परक्या देशांशी होणाऱ्या व्यापाराच्या कलमाचा. तो मान्य केला तर उत्तर भाग संघाबाहेरचा प्रदेश ठरतो आणि हिरव्या रेषेला सीमेचे रूप येते. दहाव्या उपपत्राचा आधार घेतला तर तो भाग संघातच राहतो, मात्र मग सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेत एकमत लागते आणि सायप्रसच्या सरकारला प्रस्ताव अडवता येतो. २०१० मध्ये संसदेच्या विधी समितीने आयोगाचा आधार चुकीचा ठरवला. यातून तुर्क सायप्रसवासी व्यापाऱ्यांचे नुकसान झाले असे मला वाटते, आणि ते सांगितले पाहिजे; पण रेषेला सीमा मानायचे नाही या भूमिकेशी समितीचा निर्णय सुसंगत होता. म्हणून मराठीतही ‘हिरवी रेषा’ असेच लिहावे. ‘सीमा’, ‘सरहद्द’ आणि ‘सीमापार व्यापार’ हे शब्द तेथे चुकीचे आहेत.

संसदेच्या २६ नोव्हेंबर २०२० च्या ठरावात तर आपल्या प्रश्नातील दोन्ही कल्पना शेजारी शेजारी येतात. फामागुस्ता शहराचा वरोशा हा भाग १९७४ पासून कुंपण घालून ओस ठेवलेला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये तो अंशतः उघडण्यात आला आणि त्याचा निषेध करणारा हा ठराव ६३१ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला, ५९ सदस्य तटस्थ राहिले. अशा कृत्यांनी आज असलेली विभागणी अधिक खोल होते आणि कायमची फाळणी रुजते, अशी चिंता ठरावात व्यक्त झाली आहे. या वाक्यात दोन्हीकडे ‘फाळणी’ किंवा दोन्हीकडे ‘विभाजन’ असा शब्द घातला, तर ज्या धोक्याचा इशारा द्यायचा तो आधीच घडून गेल्यासारखा वाटतो आणि ठरावाचा अर्थच नाहीसा होतो. ‘विभाजन’ हा शब्द मी येथे मुद्दाम बाजूला ठेवतो. तो पेशींनाही चालतो आणि जिल्ह्यांनाही, त्यामुळे वाचकाला नेमके काही कळत नाही. चालू स्थितीसाठी ‘विभागणी’ किंवा ‘विभागलेले बेट’, आणि मागणी, भीती किंवा मनाई यांच्या संदर्भात ‘फाळणी’, ही वाटणी मला सोयीची वाटते.

जर्मनी आणि कोरिया यांची फाळणी आपण म्हणतोच की, असा आक्षेप यावर येऊ शकतो. तेथे तो शब्द शोभतो, कारण दोन्ही जर्मनी १९७३ मध्ये आणि दोन्ही कोरिया १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे वेगवेगळे सदस्य झाले. सायप्रसची जागा तेथे एकच आहे.

राहिला नावांचा प्रश्न. ‘तुर्की सायप्रस’ हे सर्वांत गोंधळाचे, कारण मराठीत हल्ली ‘तुर्की’ हे देशाचेही नाव झाले आहे आणि भाषेचेही, त्यामुळे तुर्कस्तानचे सैन्य आणि चार शतकांहून अधिक काळ तेथे राहणारा तुर्क सायप्रसवासी समाज हे दोन्ही त्या एका शब्दात कोंबले जातात. ‘पाकव्याप्त काश्मीर’च्या धर्तीवर ‘तुर्कव्याप्त’ म्हटले तर तोच दोष अधिक कठोरपणे येतो, कारण स्वतःच्या घरात राहणारा माणूसही आक्रमक ठरतो. सैन्याचा ताबा सांगायचाच असेल तर ‘तुर्कस्तानच्या ताब्यातील भाग’ असे लिहावे. माणसांविषयी बोलताना ‘तुर्क सायप्रसवासी’ लिहावे, आणि प्रदेशासाठी ‘सायप्रसचा उत्तर भाग’ पुरेसे आहे. तेथे घोषित झालेल्या राज्याचे नाव घ्यावेच लागले तर ते अवतरणचिन्हांत द्यावे. प्रत्येक वेळी ‘तथाकथित’ जोडल्याने वाक्य चिडखोर होते.

भाषेच्या बाबतीतही जपून लिहावे लागते. १९६० च्या राज्यघटनेने ग्रीक आणि तुर्की या दोन्ही भाषा सायप्रसच्या अधिकृत भाषा केल्या, परंतु युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत तुर्की नाही. सायप्रसचे तेव्हाचे अध्यक्ष अनास्तासियादिस यांनी २०१६ मध्ये तशी विनंती केली होती, तरीही ती अद्याप नाही. २०१९ मध्ये नियाझी किझिलयुरेक हे युरोपीय संसदेत निवडून आलेले पहिले तुर्क सायप्रसवासी सदस्य ठरले, आणि तेही आकेल या ग्रीक सायप्रसवासीयांच्या डाव्या पक्षाच्या यादीतून. त्यांच्याविषयी ‘उत्तर सायप्रसचे खासदार’ असे लिहिणे चूक ठरेल. सायप्रसच्या सहा जागांसाठी सारा देश एकच मतदारसंघ असतो, आणि ते त्या सहांपैकी एक होते. त्याच न्यायाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर भागात निवडून आलेले आणि संघराज्याचा पुरस्कार करणारे तुफान एर्हुर्मान यांचा उल्लेख ‘राष्ट्राध्यक्ष’ असा न करता, संयुक्त राष्ट्रांच्या वाटाघाटींत ज्या नात्याने ते बसतात त्या नात्याने, ‘तुर्क सायप्रस समाजाचे नेते’ असा करावा.