रिपोर्टात स्टेंट ‘वाकलाय’ आलंय? आधी श्वास कसा धरला होता ते विचारा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. ‘डाव्या किडनीच्या स्टेंटचा बाक आधीपेक्षा वाढलेला दिसतो’ हे वाक्य जवळजवळ असंच्या असं आमच्याही रिपोर्टात होतं. चार महिन्यांपूर्वी फेनेस्ट्रेटेड ग्राफ्ट बसवलेल्या तुमच्या वडिलांच्या प्राणायामामुळे असं झालं असेल का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, बाबांच्या मागे तीन वर्षं फाइल घेऊन फिरलेली मुलगी आहे. तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल, तरी एका ओळीत सांगते: पोटातल्या महाधमनीला फुगवटा आला की आतून कापडी नळी, म्हणजे ग्राफ्ट, बसवतात; किडनीचं रक्त अडू नये म्हणून त्याला भोकं ठेवतात (म्हणून ‘फेनेस्ट्रेटेड’), आणि भोकातून किडनीच्या धमनीत छोटी ताठ नळी घालतात, तो स्टेंट.

श्वासाने फरक पडतो, हे खरं आहे. श्वास घेतला की छाती-पोटामधला पडदा खाली येतो आणि किडन्यांना खाली ढकलतो, खोल श्वासात दोन-तीन सेंटिमीटरसुद्धा. किडनीच्या धमनीचं एक टोक महाधमनीला जखडलेलं असतं, दुसरं किडनीबरोबर वरखाली होतं. आमच्या सर्जननी सलाईनच्या नळीत पेनची रिफिल खुपसून दाखवलं होतं. नळी हलवली की रिफिल आहे तेवढा भाग ताठ राहतो, आणि रिफिल संपते नेमकी तिथे नळी मुडपते. स्टेंटचं तसंच. बाबा माळकरी, ते लगेच म्हणाले, दिवसाला २१,६०० श्वास, शास्त्रातच लिहिलंय! मिनिटाला पंधरा धरले तर हिशेब बरोबर जुळतो. म्हणजे वर्षाला पाऊण कोटीच्या वर वेळा तो सांधा हलणार. म्हणूनच दर तपासणीत ते टोक बारकाईने बघतात. (किडनीच्या धमन्यांच्या खाली बसवलेला साधा ग्राफ्ट असेल तर ही भानगड बरीच कमी.)

आता आमची चूक. पहिला सीटी स्कॅन, ऑपरेशन झालं तिथेच झाला होता. तिथल्या टेक्निशियनने आधी तीनदा तालीम घेतली होती, “काका, श्वास घ्या, धरा, आता सोडा.” वर्षानंतरचा सीटी आम्ही घराजवळ, स्वस्तात पडतो म्हणून एका सेंटरमध्ये केला. बाबा लालबागच्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते, त्या खडखडाटात कान गेलेले. सेंटरवाल्यांनी श्रवणयंत्र काढून माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. आत मशीनमधून हिंदीत रेकॉर्ड केलेला आवाज, “सांस अंदर लीजिए, रोकिए.” बाबांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांनी श्वास सोडून दिला आणि गप्प पडून राहिले. हे त्यांनी मला सांगितलं दीड महिन्याने, मी खोदून विचारल्यावर!

तोवर रिपोर्टाने घराची झोप उडवली होती. सर्जन म्हणाले, जुन्या स्कॅनची सीडी आणा, नुसत्या फिल्मवरून मी काही बोलणार नाही. आणि सीडी आम्ही घेतलीच नव्हती. फिल्मचा तो भलामोठा पिवळा लखोटा मिळाला की सगळं मिळालं असं वाटलं होतं. मग रेकॉर्डच्या खिडकीवर फेऱ्या. पेशंटला स्वतःला आणा. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणा. साहेब जेवायला गेलेत. साहेब आज रजेवर आहेत. ७१ वर्षांच्या माणसाला घेऊन चाळीचे तीन जिने उतरायचे, टॅक्सी शोधायची, आणि उत्तर काय, तर सोमवारी या. १९ दिवस गेले.

सीडी लावल्यावर सर्जनना पाच मिनिटं पुरली. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. मणका तोच, पण नव्या चित्रात किडनी जवळजवळ अर्धा मणका वर. एक स्कॅन भरल्या श्वासात, दुसरा सोडलेल्या. धमनीचा कोन बदललेला दिसणारच. शिवाय चित्र हलल्यामुळे धूसर, त्यामुळे खात्रीसाठी परत सीटी, परत डाय (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध, किडनीला जड जाऊ शकतं). क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम मंदावलं समजायचं) १.४ चं १.७ झालं ते ह्याच पायी. माझं डोकं अजून तडकतं.

तुमच्याकडेही असंच असेल असं मी म्हणत नाही. कधी स्टेंट खरोखर दबतो किंवा सरकतो, तेव्हा थांबून चालत नाही. पण दोन्ही सीडी घेऊन ज्यांनी ग्राफ्ट बसवला त्यांच्याकडेच जा, आणि दोन्ही वेळा श्वास सारखाच धरला होता का, हे तोंडाने विचारा. डॉपलर सोनोग्राफीने रक्तप्रवाह बघता येईल का, तेही विचारा, त्याला डाय लागत नाही. मध्येच कंबरेत किंवा कुशीत अचानक दुखलं, लघवी कमी झाली, बीपी एकदम चढलं, तर कोणाच्या पोस्टची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.

प्राणायामाबद्दल माझं मत विचाराल तर, रात्रंदिवस चालणाऱ्या श्वासापुढे सकाळची पंधरा मिनिटं ती काय! आमच्या सर्जननी संथ श्वासाला हो म्हटलं. कपालभाती, भस्त्रिका आणि जोर लावून कुंभक बंद, मुख्यतः बीपीसाठी. हे आमच्या बाबांपुरतं, तुमचं तुम्ही विचारा. आणि हो, संडासला कुंथणं नको, रात्री इसबगोल चालू ठेवा. ह्याबद्दल कोणी सांगत नाही.

तिसऱ्या सीटीला मी हट्टच धरला. शिसाचा एप्रन घालून आत उभी राहिले आणि बाबांशी खूण ठरवली. खांदा दाबला की श्वास भरायचा, हात उचलला की सोडायचा. चित्र स्वच्छ आलं. रिपोर्टात ‘पूर्ण श्वास भरून’ असं लिहूनही घेतलं, आणि सीडी हातात पडेपर्यंत काउंटरवरून हलले नाही.