पहिली जंगलवाट

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पहिल्यांदाच रानात चालायचं तर हरिश्चंद्रगड की भीमाशंकर, असं तू विचारलंस. भीमाशंकरलाच जा. तेही शिडी घाटाने, म्हणजे खालून शिड्या चढत येणाऱ्या अवघड वाटेने नको. एसटीने वर जा आणि देवळापासून गुप्त भीमाशंकरकडे जाणारी पायवाट धर. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळ, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. पाऊस ओसरल्यावर, भल्या सकाळी जा.

वाट सोपी आहे, म्हणून लोक ती भराभर उरकतात. तू तसं करू नकोस. अर्ध्यातून परतावं लागलं तरी चालेल, पण सावकाश चाल. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं ते मुख्यतः शेकरूसाठी, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मोठ्या खारीसाठी, आणि घाईत असलेल्याला शेकरू दिसत नाही. वाटेवर फळांच्या ताज्या कुरतडलेल्या साली पडलेल्या दिसल्या की तिथेच थांब आणि वर बघ. मागच्या पायांनी फांदीला उलटं लटकून, पुढच्या दोन्ही पायांत फळ धरून खाताना ते दिसेल. तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. नाहीच दिसलं तर उंच झाडांच्या शेंड्यांकडे काटक्या-पानांची गोल घरटी शोध. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत जातं. त्यासाठी वरच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या हव्यात. आपण वाट सोडून कडेने चालतो, वळणावर आडवे घुसतो, तेव्हा पायाखाली जांभळाची, अंजनाची रोपं तुडवली जातात. उद्या म्हातारं झाड पडलं की वरची फट तीच रोपं भरून काढणार असतात. म्हणून चिखल असला तरी चिखलातूनच जा, बूट धुता येतात. माकडांना खाऊ घालू नकोस आणि मोबाइलवर गाणी लावू नकोस. शेकरूचा खडखडाटी आवाज बऱ्याचदा ते दिसण्याआधी ऐकू येतो.

ओढ्याजवळच्या शेवाळलेल्या दगडांवर जपून. चांगल्या पकडीचे बूट घाल, पाणी घरूनच ने आणि रिकाम्या बाटल्या परत आण. दुर्बीण विकत घेऊ नकोस. माझी आहे, निघायच्या आदल्या दिवशी येऊन घेऊन जा.

तुझा,
काका