अठराव्या शतकातला इराणचा राज्यकर्ता करीमखान झंद एवढा लोकप्रिय होता, तरी त्याच्यामागे त्याचं घराणं पंधरा वर्षांत कसं काय संपलं? आगा मोहम्मद खान काजारच्या क्रौर्यामुळेच ना?

तुम्ही प्रश्नात सगळा दोष आगा मोहम्मद खान काजारच्या, म्हणजे झंदांना हटवून काजार घराण्याची सत्ता आणणाऱ्याच्या, क्रौर्याला दिलाय. क्रूर तो होताच. लहानपणी इराणच्या आदिल शाहने (नादिरशाहाचा पुतण्या, विजापूरचा नव्हे) त्याचं खच्चीकरण केलेलं, पुढे कित्येक वर्षं झंदांच्या राजधानीत, शिराझमध्ये, करीमखानाकडे ओलीस. पण मला विचाराल तर झंदांना आधी भाऊबंदकीनंच पोखरलं.

करीमखानानं 'शाह' पदवी कधी घेतली नाही, स्वतःला 'वकील' म्हणवलं. कोर्टातला नव्हे, रयतेचा प्रतिनिधी! शिराझचा वकील बाजार त्याचाच. वारस मात्र धड ठरवला नाही. १७७९ मध्ये तो गेला आणि प्रेत दफन व्हायच्या आधीच नातेवाईक एकमेकांवर उठले. आगा मोहम्मद तेव्हा शिकारीच्या निमित्तानं शहराबाहेर होता. करीमखानाच्या जनानखान्यात असलेल्या त्याच्या आत्यानं खबर पोचवली, आणि गडी जो निघाला तो थेट उत्तरेकडच्या माझंदरान प्रांतात.

इकडे करीमखानाचा सावत्र भाऊ झकीखान पुढे सरसावला. काही महिन्यांतच इझदखास्त गावात वसुलीपायी त्यानं माणसं कड्यावरून ढकलायला लावली. ते बघून त्याच्याच सैनिकांनी त्याला मारलं. मग घराण्यातलेच एकेक सत्तेवर आले: सादिकखान, त्याला संपवणारा अली मुराद, मग जाफरखान. १७८९ मध्ये जाफरचाही खून.

त्याचा मुलगा लुत्फ अली खान तरुण, शूर, पण संशयी. शिराझचा कलांतर (नगरप्रमुख म्हणा) हाजी इब्राहिम याच्यावरचा त्याचा विश्वास उडाला होता आणि हाजीला ते कळलं होतं. १७९१ मध्ये लुत्फ अली मोहिमेवर असताना हाजीनं वेशीचे दरवाजे लावून घेतले. खरी मेख पुढे आहे. सैनिकांची बायकापोरं शहरात होती. हाजीनं निरोप धाडला, खानाला सोडून घरी या, नाहीतर घरच्यांचं काही खरं नाही. फौज बघता बघता विरघळली. तटाला तोफ लावावीच लागली नाही.

त्यानंतरही लुत्फ अली तीन वर्षं लढला, हे विशेष. १७९४ मध्ये त्याचा आसरा असलेलं कर्मान शहर आगा मोहम्मदच्या हाती पडलं, तिथल्या पुरुषांचे डोळे काढले गेले. लुत्फ अली निसटून बम शहरात पोचला, तर आसरा देणाऱ्यानंच त्याला धरून दिलं. आधी डोळे काढले, मग तेहरानला नेऊन मारलं. करीमखानाची हाडंसुद्धा उकरून तेहरानच्या महालात उंबऱ्याखाली पुरली, येता-जाता पाय पडावा म्हणून.

हाजी इब्राहिम काजारांचा वजीर झाला. १८०१ मध्ये आगा मोहम्मदचा पुतण्या आणि वारस फतह अली शाहने त्यालाही कुटुंबासकट संपवलं.