४८ व्होल्टचं बटण दाबलं की दिवाच जातो

प्रश्न : काका, माझ्याकडे २०१२ साली घेतलेला, दोन माइक लागणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणारी डबी) आहे. आमच्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी त्यावर रेकॉर्ड करते. आत्या ८१ वर्षांची आहे. या पावसाळ्यापासून इंटरफेस मधेच तुटतो आणि लॅपटॉपवर ‘डिव्हाइस सापडत नाही’ असं येतं. कधी तासभर नीट चालतो, कधी माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दाबलं की लगेच जातो, आणि समोरचा हिरवा दिवाही विझतो. ड्रायव्हर दोनदा टाकला, विंडोज नव्याने घातलं. दुकानदार म्हणतात, जुना झाला, टाकून द्या. टाकू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, टाकू नका. निदान आत्ताच नको.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे ते हिरव्या दिव्याचं. इंटरफेस तुटला आणि दिवा तसाच लागलेला राहिला, तर संशय ड्रायव्हर, विंडोज, लॅपटॉपची वीज वाचवणारी सेटिंग्ज यांच्यावर जातो. पण दिवाच गेला, तर यंत्रापर्यंत वीज पोचत नाही. मग विंडोज दहा वेळा घातलं तरी काय फरक पडणार? एक खात्री तेवढी करून घ्या. काही इंटरफेसचा दिवा कॉम्प्युटरने ओळख पटवल्यावरच लागतो. तुमचा इंटरफेस त्याच वायरने मोबाइलच्या चांगल्या चार्जरला लावून बघा. तिथेही दिवा लागला, तर तो विजेचाच दिवा. मग तिथेच माइक लावून ४८ व्होल्टचं बटण दाबा. चार्जरवरही दिवा गेला, तर लॅपटॉप सुटला. दोष वायरीत, सॉकेटमध्ये किंवा इंटरफेसच्या पोटात.

४८ व्होल्टलाच का जातो, तेही सांगतो. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे जेमतेम अडीच वॅट. तेवढ्यात सगळा इंटरफेस चालायचा, आणि त्याच ५ व्होल्टचे आतल्या सर्किटने ४८ करून कंडेन्सर माइकला द्यायचे. एक माइक साधारण २ ते ५ मिलिअँपिअर घेतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ४८ व्होल्टवरचे ५ म्हणजे ५ व्होल्टवरचे जवळपास ५०, वर सर्किटमधली गळती वेगळी. दोन माइक लावले की १०० च्या पुढे. धडधाकट जोडणीला हा भार जाणवतही नाही. पण वाटेत कुठे कॉन्टॅक्ट ढिला असेल, तर नेमक्या याच क्षणी तिथे व्होल्टेज पडतं आणि यंत्र विझतं.

आता वायर. तुम्ही ती बदलल्याचं पत्रात कुठेच नाही, म्हणून आधी तीच. वायरीच्या अंगावर बारीक छापलेलं असतं, ‘२८ एडब्ल्यूजी’ किंवा ‘२४ एडब्ल्यूजी’ असं. हा आकडा जितका लहान तितकी आतली तार जाड. वीज नेणाऱ्या दोन तारांसाठी २४ लिहिलेली, एक-दीड मीटरची वायर आणा, आणि लॅपटॉपच्या पोर्टमध्ये थेट लावा. मधे हब नको, जोडवायर नको. मी स्वतः एकदा कीर्तनाच्या रेकॉर्डिंगआधी रात्रभर ड्रायव्हर काढत-घालत बसलो होतो. पहाटे वायर बदलली आणि यंत्र सुरू झालं. पण बुवांचा पूर्वरंग तोवर होऊन गेला होता. त्याची हळहळ मला अजून वाटते.

वायर बदलूनही तेच, तर इंटरफेसच्या मागचं ते चौकोनी सॉकेट बघा. वायर लावलेली असताना प्लग दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर-खाली करा. दिवा लुकलुकला की चोर सापडला. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या इंटरफेसमध्ये हा दोष सगळ्यात जास्त दिसतो. आत बोर्डावर त्या सॉकेटचे चार बारीक पाय आणि दोन जाड कान सोल्डर केलेले असतात. वर्षानुवर्षं प्लग काढला-घातला, वायर टेबलाखाली लोंबत राहिली, की त्या पायांवर ताण येतो. बोर्ड उलटा करून टॉर्चचा उजेड तिरका पाडा आणि भिंगातून बघा. चांगलं सोल्डर पायाला सगळीकडून चिकटून वर चढलेलं असतं. बिघडलेल्या पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते, विहिरीच्या काठासारखी. पाय आणि सोल्डर एकमेकांपासून सुटलेत, नुसते टेकून उभे आहेत. यालाच आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. यंत्र तापलं, वायर हलली की टेकणं सुटतं. म्हणूनच तुमचा इंटरफेस कधी तासभर चालतो नि कधी मिनिटभरही नाही.

इलाज पाच मिनिटांचा आहे. फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारा लेप) लावायचं, जुनं सोल्डर वितळवायचं, थोडं नवं घालायचं, आणि दोन्ही कानही पक्के करायचे. हाताला सवय नसेल तर स्वतः करू नका. मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही हे करील. त्याला ‘यंत्र बघा’ म्हणू नका, ‘यूएसबी सॉकेटचे पाय नव्याने सोल्डर करा’ एवढं नेमकं सांगा.

तुम्ही समुद्राकाठी राहता, म्हणून एक अधिक. पावसाळ्यात खारट दमट हवेनं पिनांवर मळकट थर धरतो. वीज काढून सॉकेट आणि प्लग दोन्हींना आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर लावा, पूर्ण सुकू द्या, मगच जोडा. खोबरेल किंवा मशीनचं तेल अजिबात नको. काम नसेल तेव्हा इंटरफेस घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. एवढं सगळं करूनही दिवा गेलाच, तर आतले कपॅसिटर फुगलेत का ते कारागिराला बघायला सांगा. या वयात तेही बदलावे लागतात, पण महाग नसतात.

आणि दुरुस्ती होईपर्यंत आत्याबाईंना थांबवून ठेवू नका. साधा डायनॅमिक माइक मिळवा, भजनी मंडळाकडे असतो तसला. त्याला ४८ व्होल्ट लागतच नाहीत. ते बटण बंद ठेवा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरा आणि इंटरफेसवरचा गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करणारं बटण, वाढवा. शेजारी मोबाइलवरही रेकॉर्डिंग चालू असू द्या. ८१ व्या वर्षी आठवलेली ओवी मधेच तुटली, तर दुसऱ्या दिवशी ती त्याच शब्दांत, त्याच लयीत परत येईलच असं नाही. माझा सगळा जीव तिथे अडकलाय, तुमच्या यंत्रात नाही.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाकडे आठ माइकचा फायरवायर (यूएसबीसारखीच, पण जुन्या काळातली जोडणी) इंटरफेस आहे. नवा मॅक घेतल्यापासून तो दिसतच नाही. कुठलं कनेक्टर घेऊ?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : कनेक्टरवर पैसे घालण्याआधी मॅकवर कुठली सिस्टिम आहे ते बघा. २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस २६ मधून ॲपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला. त्यावर कितीही जोड लावलेत तरी इंटरफेस दिसणार नाही. जुना मॅक विकला नसेल तर तो याच कामाला ठेवा आणि त्याची सिस्टिम वाढवू नका. लिनक्सवर अशी बरीच यंत्रं अजून चालतात, पण तुमचं मॉडेल त्यात आहे का ते आधी तपासा.

मला मात्र तिसरी वाट जास्त आवडते. इंटरफेसच्या मागे ‘एडॅट’ लिहिलेलं ऑप्टिकल आउट आहे का? असेल, आणि कॉम्प्युटरशिवाय चालायची सोय त्यात असेल, तर एडॅट इन असलेला छोटा नवा यूएसबी इंटरफेस घ्या. एका ऑप्टिकल वायरीतून आठही माइक त्यात जातात, ४८ किलोहर्ट्झपर्यंत. नव्या इंटरफेसचं क्लॉक, म्हणजे दोन्ही यंत्रांचा ठेका जुळवणारी सेटिंग, ‘एडॅट’वर ठेवायला विसरू नका, नाहीतर मृदंगाच्या प्रत्येक थापेमागे टिकटिक ऐकू येईल.

आणि जुना मॅक वापरणार असाल, तर फायरवायरचा ६ पिनांचा प्लग चालू यंत्रात घालू नका. सॉकेट सैल झालेलं असलं की तो उलटाही बसतो, आणि त्या वायरीतून ३० व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते. ती सिग्नलच्या पिनेवर गेली की पोर्ट जळतो, कधी कॉम्प्युटरचा, कधी इंटरफेसचा. आधी दोन्हीकडचं बंद करा, मग वायर लावा.